‘केव्हा’ आलं की ‘हॅव’ गेलं

वाचक विचारतात : भाषेच्या शंका

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची नाशिकची, नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली चार वर्षं माद्रिदला राहतेय आणि इथे घरबसल्या ऑनलाइन इंग्लिश शिकवते, सगळी मोठी माणसं, नोकरी करणारी. बाकी बरं चाललंय पण प्रेझेंट परफेक्ट, म्हणजे ‘आय हॅव ईटन’सारखं हॅववालं रूप, आलं की माझा धडा फसतो. एक विद्यार्थी इथलाच, माद्रिदचा, बँकेत कामाला आहे, तो सारखं ‘आय हॅव सीन माय बॉस ॲट टेन धिस मॉर्निंग’ असं बोलतो, म्हणजे साधा पास्ट हवा तिथे हॅव घालतो. दुसरी एक मुलगी अर्जेंटिनातल्या बुएनोस आयरेसची, तिचं बरोब्बर उलटं, ‘आय नेव्हर वॉज इन लंडन’, ‘डिड यू एव्हर गो टु पॅरिस’, म्हणजे हॅव हवा तिथे घालतच नाही. दोघंही स्पॅनिशच बोलतात ना, मग चुका उलट्या कशा? आणि एक चूक मात्र दोघांची सेम टु सेम, ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’. परवा तर माझ्याच तोंडून ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फोर इयर्स’ गेलं आणि त्या बँकवाल्याने विचारलं की टीचर, मग माझं चूक कसं? मला नियम पाठ आहेत पण समजावता येत नाहीत. काय करू?
— एक वाचक, माद्रिद

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मी स्पेनमधल्या वालेन्सियातल्या माझ्या जुन्या वर्गात जाऊन आले. सहा वर्षं शिकवलं तिथे आणि हाच धडा मला सगळ्यात जास्त छळायचा, त्यामुळे तुमचं दुखणं मला अगदी आतून कळतंय. आधी एक सांगते, तुमचे विद्यार्थी बेसावध नाहीयेत आणि तुम्ही वाईट शिकवत नाही आहात. ते दोघंही आपापल्या स्पॅनिशचं अगदी प्रामाणिक भाषांतर करतायत, फक्त त्यांची स्पॅनिश वेगवेगळी आहे. म्हणून स्पॅनिश बोलणारा नवीन विद्यार्थी आला की मी पहिला प्रश्न विचारायचे, तू कुठला? त्याच्या उत्तरावर पुढचा अख्खा धडा ठरायचा.

आता रूप बघा. स्पॅनिशमध्ये ‘आबेर’ नावाचं सहायक क्रियापद आहे, त्याला क्रियापदाचं धातुसाधित (इंग्लिशच्या ‘ईटन’सारखं तिसरं रूप) जोडायचं की झालं. ए कोमिदो, आस कोमिदो, आ कोमिदो, एमोस कोमिदो, म्हणजे मी जेवलोय, तू जेवलायस, तो जेवलाय, आम्ही जेवलोय. (लिहिताना सुरुवातीला ‘ह’चं अक्षर असतं, पण ते बोलत नाहीत.) हे इंग्लिशच्या ‘आय हॅव इटन’वर तुकड्याला तुकडा बसतं. मुलांना हे दाखवलं की त्यांचे डोळे चमकतात, अरे हे तर आमचंच आहे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो, कारण घडण सारखी असली तरी वापर सारखा नाही. गंमत म्हणजे ‘हॅव’ आणि ‘आबेर’ हे सख्खे भाऊ वाटतात पण नात्यातले सुद्धा नाहीत. स्पॅनिशचं आबेर आलं लॅटिनच्या ‘हाबेरे’मधून, आणि इंग्लिशचा हॅव ज्या मूळ धातूतून आला त्याचं लॅटिनमधलं भावंड आहे ‘कापेरे’, म्हणजे पकडणं. दोन अनोळखी माणसं एकसारखी दिसावीत तसं आहे हे. मी वर्गात ही गोष्ट मुद्दाम सांगायचे, म्हणजे मुलं दिसण्यावर विश्वास ठेवणं जरा कमी करायची.

तुमचा बँकवाला काय करतोय ते बघू. माद्रिदच्या, आणि एकूणच स्पेनच्या बऱ्याच भागातल्या स्पॅनिशमध्ये आज घडलेली गोष्ट ‘ए कोमिदो’ने सांगतात आणि काल घडलेली साध्या भूतकाळाने. ‘ओय ए कोमिदो’, आज जेवलो. ‘आयेर कोमी’, काल जेवलो. सकाळी आठला नाश्ता केला असेल आणि आता रात्रीचे दहा वाजले असतील तरी आजचाच दिवस आहे ना, मग ‘ए देसायुनादो आ लास ओचो’, आठ वाजता नाश्ता ‘केलाय’. घड्याळातली वेळ सांगितली तरी त्यांच्या कानाला काही खटकत नाही. रात्री झोपून उठलं की तीच गोष्ट कालची होते आणि क्रियापद बदलतं. म्हणजे त्याच्या डोक्यातला प्रश्न आहे, आज झालं का? इंग्लिशला आज-कालशी तसं देणंघेणं नाही. इंग्लिशचा प्रश्न आहे, तू वेळ सांगितलीस का? ‘ॲट टेन’ म्हणालास की ती गोष्ट खिळा ठोकून भिंतीवर टांगलीस, आता तिला हॅव चालत नाही, मग ती दहा मिनिटांपूर्वीची असो नाहीतर दहा वर्षांपूर्वीची. आणि वेळ सांगितली नाहीस तर दहा वर्षांपूर्वीची गोष्टसुद्धा ‘आय हॅव रेड इट’ होते. हे त्याला एकदा नीट पटायला हवं, की ‘नुकतंच घडलं’ म्हणून हॅव, हे खरं कारण नाहीच. आपल्याकडेही पुष्कळ पुस्तकांत तसंच छापलेलं असतं आणि त्यानेच पोरांची दिशाभूल होते.

(‘आय हॅव सीन हिम धिस मॉर्निंग’ मात्र बरोबर आहे, सकाळ अजून संपली नसेल तर. दुपारी तेच वाक्य ‘आय सॉ हिम धिस मॉर्निंग’. बँकवाल्याला हे पहिल्याच दिवशी सांगू नका, जरा स्थिर होऊ दे.)

आता बुएनोस आयरेसची मुलगी. तिच्या शहरात बोलताना ‘ए कोमिदो’ हे रूप फार कमी येतं, जवळजवळ सगळं साध्या भूतकाळात. जेवलास का म्हणायला माद्रिदला ‘आस कोमिदो या?’ तर तिच्याकडे ‘शा कोमिस्ते?’ (माद्रिदचा ‘या’ तिकडे ‘शा’ होतो, ऐकला असेलच तुम्ही.) मी कधीच लंडनला गेले नाही, हे ती ‘नुन्का एस्तुवे एन लोन्द्रेस’ म्हणणार, तिथे आबेरचा पत्ता नाही, मग ते सरळ उतरवलं की ‘आय नेव्हर वॉज इन लंडन’. तिला इंग्लिश हॅवचं रूप येत नाही असं नाही, तिला तो ‘लागतो’ हेच जाणवत नाही. तेव्हा बँकवाल्याला हॅव काढायला शिकवायचंय आणि हिला घालायला. एकाच तासाला दोघांना बसवून एकच नियम सांगितलात तर दोघंही आणखी गोंधळतील, मी हे करून बघितलंय आणि नंतर दोन गट वेगळे केले.

आणखी एक, ‘स्पेन म्हणजे असं आणि दक्षिण अमेरिका म्हणजे तसं’ अशी सरळ रेघ मारू नका. स्पेनमध्येच गालिसिया, आस्तुरियास आणि कॅनरी बेटांवरची माणसं आजच्या गोष्टीलाही साधा भूतकाळ वापरतात. उलट अर्जेंटिनाच्याच वायव्येला, साल्ता-तुकुमानकडे, आणि पुढे बोलिव्हिया, पेरूच्या डोंगराळ भागात ‘ए कोमिदो’ भरपूर ऐकू येतं. म्हणून म्हटलं, तू कुठला हे आधी विचारा.

आता समजावायचं कसं. मी एक खेळ घ्यायचे, त्याला मी ‘केव्हा’चा खेळ म्हणते. एकाने हॅवचं एक वाक्य टाकायचं, वेळ न सांगता. समोरच्याने लगेच विचारायचं केव्हा, कुठे, कोणाबरोबर, आणि त्या क्षणापासून दोघांनीही फक्त पास्ट बोलायचा, हॅव आला की आउट. स्पेनमध्ये मी हे त्यांच्या टेनिसपटू नदालवरून करायचे, कारण सगळे चेकाळून बोलायचे. ‘नदाल हॅज वन द फ्रेंच ओपन फोर्टीन टाइम्स.’ व्हेन? ‘ही वन इट फॉर द फर्स्ट टाइम इन २००५.’ अँड द लास्ट? ‘ही वन इट इन २०२२.’ बघा, चौदा वेळा हा हिशोब आहे, त्याला तारीख नाही, म्हणून हॅज. साल आलं की हॅज गेला. नदालने २०२४ला खेळणं सोडलं तरी माणूस आहे, त्याचा हिशोब त्याच्या नावावर आहे, म्हणून हे चालतं. पण ‘डॉन किहोते’ लिहिणाऱ्या सर्व्हांतेसबद्दल बोलायचं तर ‘ही रोट’, तिथे ‘हॅज रिटन’ नाही, तो १६१६ला गेला, ते खातं बंद झालं. इंग्रज माणूस बोलताना नैसर्गिकपणे हेच करतो, बातमी द्यायला हॅव आणि तपशील सांगायला पास्ट. दार हॅवने उघडायचं आणि आत गेलं की पास्टमध्ये बसून गप्पा मारायच्या. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त काम कशाने केलं असेल तर या खेळाने. नियमाच्या वहीने त्याच्या निम्मंही केलं नाही. त्यातून एक पक्कं कळतं की ‘व्हेन’ने सुरू होणाऱ्या प्रश्नात सहसा हॅव येत नाही. ‘क्वान्दो आस येगादो?’ माद्रिदला बिनधास्त चालतं, इंग्लिशमध्ये ‘व्हेन हॅव यू अराइव्ह्ड’ चालत नाही.

आणि इथे आपण मराठी माणसांनी जरा थांबायला हवं, कारण ‘कधी आलायस?’ हे आपल्याकडेही बिनधास्त चालतं की! शाळेत आपल्याला शिकवलं की ‘लेला आहे, लेली आहे, लेले आहेत’ दिसलं की हॅज-हॅव आणि क्रियापदाचं तिसरं रूप. पण मराठीचं ‘आलोय, केलंय, सांगितलंय’ वेळेला अजिबात घाबरत नाही. ‘मी काल रात्रीच आलेय’, ‘डॉक्टरांनी सोमवारी सांगितलंय ना जिने चढू नका म्हणून’. सोमवार सांगितला तरी ‘सांगितलंय’, कारण मराठीला बघायचं असतं की त्या गोष्टीचा परिणाम अजून समोर आहे का. जिने चढायची मनाई अजून चालू आहे, मग ‘सांगितलंय’. म्हणून आपली माणसं ‘द डॉक्टर हॅज टोल्ड ऑन मंडे’ लिहितात. तुमचा बँकवाला ज्या खड्ड्यात पडतोय त्याच्या शेजारच्याच खड्ड्यात आपण पडतो, फक्त त्याचा दिवस संपला की खड्डा बुजतो आणि आपला उघडाच राहतो. त्याला हे सांगा. टीचरच्या भाषेतही असं आहे म्हटल्यावर माणसं मोकळी होतात, मी अनुभवलंय.

आता तुमच्या ‘सिन्स फोर इयर्स’कडे येऊ, कारण खरं तर सगळ्यात मोठा डोंगर हाच आहे आणि इथे मराठी आणि स्पॅनिश हातात हात घालून चुकतात. चार वर्षांपूर्वी राहायला आलो आणि अजून राहतोय, ही गोष्ट आपण वर्तमानकाळात सांगतो, ‘मी चार वर्षं इथे राहतेय’. तुमच्या पत्राच्या पहिल्याच ओळीत तुम्ही तसंच लिहिलंय. स्पॅनिशही वर्तमानातच सांगते, ‘बीबो आकी देस्दे आथे क्वात्रो आन्योस’, किंवा जास्त बोलीतलं ‘येबो क्वात्रो आन्योस बिबिएन्दो आकी’, म्हणजे शब्दशः ‘चार वर्षं राहत वागवतेय’ असं काहीतरी. आणि हे माद्रिदलाही तसंच आणि बुएनोस आयरेसलाही (तिथे ‘शेबो’), म्हणून तुमच्या दोघांची ही चूक सेम आहे. इंग्लिश मात्र इथे वर्तमानकाळ ऐकूनच घेत नाही. मागे सुरू होऊन आजपर्यंत आलेली गोष्ट म्हटली की ‘आय हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. इथे ‘केव्हा’चा नियम सांगत बसू नका, हा वेगळाच कप्पा आहे, वेगळ्या दिवशी शिकवा. फळ्यावर एक रेघ काढा, मागे एक टिंब, पुढे ‘आज’ची उभी काठी, आणि रेघ काठीला येऊन टेकली की हॅव. बस.

सिन्स आणि फॉरचा घोळ शब्दामुळे होतो. आपल्याकडे ‘२०२१पासून’ आणि ‘चार वर्षांपासून’, दोन्हीकडे ‘पासून’. स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे ‘देस्दे’. पण स्पॅनिश बोलणाऱ्याकडे आपल्यापेक्षा एक गोष्ट जास्त आहे आणि तिचा फायदा घ्या. काळाची लांबी सांगताना ते ‘देस्दे’च्या पुढे ‘आथे’ लावतात, ‘देस्दे आथे क्वात्रो आन्योस’. सुरुवातीचा क्षण सांगताना नुसतं ‘देस्दे’, ‘देस्दे २०२१’. म्हणून सांगायचं, आथे ऐकू आलं की फॉर, नुसतं देस्दे असेल तर सिन्स. आणि देस्देशिवाय एकटंच ‘आथे क्वात्रो आन्योस’ आलं आणि क्रियापद भूतकाळाचं असलं तर तो आपला ‘चार वर्षांपूर्वी’, म्हणजे ‘अगो’, आणि अगो आला की तारीख आली, हॅव गेला. ही एवढी खूण दिली की मोठी माणसं दोन दिवसांत सुधारतात. स्वतःसाठी मराठीतली खूण करायची तर ‘पासून’ काढून बघा. ‘चार वर्षं राहतेय’ चालतं, तिथे फॉर. ‘२०२१ राहतेय’ चालत नाही, तिथे सिन्स. मला ही खूण फार उशिरा सुचली पण अजूनपर्यंत तिने दगा दिलेला नाही.

याच घराण्यातलं अजून एक. मी एकदा वर्गात पोहे करून नेले होते तर एक काका म्हणाले, ‘इट्स द फर्स्ट टाइम आय ईट धिस’. आपणही म्हणतो ना, पहिल्यांदाच खातोय. दोन्ही भाषांत वर्तमान, इंग्लिशमध्ये ‘द फर्स्ट टाइम आय हॅव ईटन धिस’. याचं कारण समजावायला गेलात तर तास जातो, हे वाक्य तसंच्या तसं पाठ करून घ्या, खाऊ घालून करून घेतलंत तर लवकर पाठ होतं.

लंडनचं राहिलं. ‘बीन’ आणि ‘गॉन’मध्ये स्पॅनिशवाल्यांची गडबड होते कारण ‘ए इदो आ पारिस त्रेस बेथेस’ म्हणताना ते ‘जाणे’च वापरतात, मग ‘आय हॅव गॉन टु पॅरिस थ्री टाइम्स’. इथे मात्र मराठी तुमच्या मदतीला येते. तो लंडनला ‘गेलाय’, म्हणजे अजून तिकडेच, ‘हॅज गॉन’. तो लंडनला ‘जाऊन आलाय’, ‘हॅज बीन टु’. इतकं स्वच्छ वेगळेपण आपल्या रोजच्या बोलण्यात आहे आणि आपल्या शाळेत कोणी ते वापरून हे शिकवत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. स्पॅनिशवाल्यांना ‘एस्तादो’ म्हणजे बीन, एवढं पुरतं. ‘आ एस्तादो एन’ डोक्यात आणा आणि मग बोला.

जस्टला अडचण येत नाही फारशी, त्यांचं ‘आकाबो दे कोमेर’ वेगळ्याच क्रियापदाचं आहे, आपल्या ‘आत्ताच जेवून उठलेय’सारखं, तेवढं सांगितलं की घेतात. ‘या’ हा शब्द मात्र त्रास देतो, कारण तोच विधानात ‘ऑलरेडी’ आणि प्रश्नात ‘येट’, आणि ‘तोदाबिआ नो’ म्हणजे ‘नॉट येट’ पण नुसतं ‘तोदाबिआ’ म्हणजे ‘स्टिल’. शब्दांच्या जागेचंही एक आहे. स्पॅनिशमध्ये ए आणि कोमिदोच्या मध्ये काही घुसवता येत नाही, म्हणून ‘या ए कोमिदो’ आणि म्हणून ‘आय ऑलरेडी हॅव ईटन’, ‘ऑलवेज आय हॅव लिव्ह्ड हिअर’. त्यांना सांगा की इंग्लिशमध्ये हॅवनंतर लगेच एक रिकामी खुर्ची आहे, ऑलरेडी, ऑलवेज, नेव्हर, जस्ट हे तिथे बसतात.

आणि सगळ्यात शेवटी जे सांगतेय ते खरं तर मला आधी सांगायला हवं होतं. तुमची बुएनोस आयरेसची मुलगी हॅव ‘घालत नाही’ की तो तिच्या तोंडून ‘ऐकू येत नाही’? स्पॅनिशमध्ये इंग्लिशसारखा ‘व्ह’ नाही, ‘ब’ आणि ‘व्ह’ची दोन अक्षरं आहेत पण आवाज एकच, आणि शब्दाच्या शेवटी व्यंजनांची जोडी त्यांच्या तोंडात बसत नाही. म्हणून ‘आय्व लिव्ह्ड’ म्हणायला गेले की मधला व्ह आणि शेवटचा ड दोन्ही गळतात आणि तुम्हाला ऐकू येतं ‘आय लिव्ह’. माझ्या एका विद्यार्थिनीला मी चार महिने व्याकरण शिकवत होते. एक दिवस तिने निबंध लिहून आणला तर त्यात एकही चूक नाही. चूक तोंडाची होती, डोक्याची नव्हती. तेव्हापासून मी आधी लिहून घेते. लिहिताना बरोबर असेल तर व्याकरण सोडून द्या आणि ‘आय हॅव’ पूर्ण, सावकाश म्हणायला लावा, आखूड रूप नंतर येईल.


प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, आमची टीम मेक्सिकोतल्या ऑफिसबरोबर काम करते. तिकडचे लोक ‘डिड यू सेंड द फाइल ऑलरेडी?’, ‘आय ऑलरेडी सेंट इट’ असं लिहितात. माझा मॅनेजर म्हणतो हे चूक आहे, ‘हॅव यू सेंट’च हवं, आणि मेल फॉरवर्ड करताना तो ते दुरुस्त करतो. दुसरं म्हणजे परवा त्यांनी लिहिलं ‘द फाइल डझन्ट अराइव्ह येट’. मी समजलो की फाइल उघडत नाहीये, काहीतरी टेक्निकल लोचा आहे, आणि अर्धा दिवस सर्व्हर तपासत बसलो. याचा अर्थ काय होतो?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मॅनेजरसाहेबांना सांगा की ‘आय ऑलरेडी सेंट इट’ हे अमेरिकेत रोज बोललं जातं आणि तिथे कोणी त्याला चूक म्हणत नाही. ब्रिटिश वळणाने शिकलेल्यांना, म्हणजे आपल्याला, ऑलरेडी-येट-जस्टबरोबर हॅव हवासा वाटतो. मेक्सिकोचं इंग्लिश शेजारच्या अमेरिकेच्या वळणाचं असणं साहजिक आहे, आणि त्यांची स्पॅनिशही ‘या कोमिस्ते?’ (जेवलास का?), ‘या लो मान्दे’ (पाठवलं की) अशी साध्या भूतकाळाचीच आहे, मग दोन्हीकडून एकाच बाजूला ढकललं जातं. दुसऱ्याच्या मेलमधलं बरोबर वाक्य दुरुस्त करून पुढे पाठवू नये, समोरच्याला ते लागतं.

पण मेक्सिकोत हॅवसारखं रूप नाही असं समजू नका. ‘सिएम्प्रे ए बिबिदो आकी’, नेहमी इथेच राहत आलोय, किंवा ‘नुन्का ए कोमिदो सुशी’, सुशी कधीच खाल्लेली नाही, असं ते म्हणतातच. मागून सुरू होऊन अजून चालू असलेलं किंवा आजपर्यंतच्या अनुभवातलं काही असेल तर आबेर येतं, आणि झालं-संपलं असेल तर साधा भूतकाळ, मग ते पाच मिनिटांपूर्वीचं का असेना. म्हणून ‘आय हॅव ऑलवेज वर्क्ड’सारखी वाक्यं त्यांना सहज जमतात.

फाइलचं मात्र तुमच्या अर्ध्या दिवसाला धरून नीट सांगते. मेक्सिकोत ‘अजून आली नाही’ म्हणायला ‘तोदाबिआ नो येगा’ म्हणतात, क्रियापद वर्तमानकाळाचं, शब्दशः ‘अजून येत नाही’. ते उतरवलं की ‘डझन्ट अराइव्ह येट’. अर्थ एवढाच की फाइल आम्हाला मिळालेली नाही. सर्व्हरचं काही नाही, कदाचित पाठवायचीच राहिली असेल. इथून पुढे त्यांच्या मेलमध्ये ‘येट’ आणि नकारी वर्तमानकाळ एकत्र दिसला की मनातल्या मनात ‘हॅजन्ट’ घालून वाचा. आणि शंका असली तर कॉलवर सरळ विचारा, ते मनमिळाऊ लोक आहेत, वाईट वाटून घेत नाहीत.


प्रश्न : आमची आजी मडगावची, जुन्या काळात पोर्तुगीज शाळेत शिकलेली. मी स्पॅनिशचे क्लास लावलेत. ‘ए कोमिदो’ शिकून आले आणि पोर्तुगीजमध्ये त्याला ‘तेन्यु कुमिदु’ म्हणत असतील म्हणून आजीला ‘तेन्यु कुमिदु’ म्हटलं, तर ती म्हणाली, ‘काय खात होतीस इतके दिवस?’ मी तर फक्त जेवलेय म्हणत होते. चुकलं काय?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आजी अगदी बरोबर आहेत आणि तुम्ही नशीबवान आहात, असा शिक्षक घरात असायला भाग्य लागतं. पोर्तुगीजमध्ये ‘तेन्यु’ लावून केलेलं हे रूप एकदा झालेल्या गोष्टीला वापरत नाहीत. गेले काही दिवस वरचेवर होतंय आणि अजून चालू आहे, असं त्याचं म्हणणं असतं. ‘तेन्यु इश्तुदादु मुइतु’ म्हणजे ‘हल्ली माझा खूप अभ्यास चाललाय’, इंग्लिशचं ‘आय हॅव बीन स्टडिंग’. म्हणून आजींना ऐकू आलं की तुम्ही सारखं काहीतरी खातच आलायत. नुसतं ‘जेवलेय’ म्हणायचं तर पोर्तुगीजमध्ये साधा भूतकाळ, ‘जा कुमी’. स्पॅनिश आणि पोर्तुगीज एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की एकीचं दुसरीत सरळ उतरवायचा मोह होतो, तो आवरा. रोज जेवण झालं की आजींसमोर एकदा ‘जा कुमी’ म्हणा आणि क्लासमध्ये ‘ए कोमिदो’, महिनाभरात दोन्ही आपापल्या जागी बसतील. आणि आजींच्या तोंडची वाक्यं जमतील तशी एका वहीत उतरवून ठेवा, तारखेसकट.